कृपाबाई सत्यनाथन

आपल्या समाजातील लेखिका म्हटले की लक्ष्मीबाई टिळकांचे नाव आपल्या ओठी येते, व ते योग्यच आहे. परंतु 'स्मृतिचित्रे'पूर्वी कितीतरी वर्षे अहमदनगरच्या एका मराठी ख्रिस्ती कन्येने इंग्रजीत दोन कादंबऱ्या लिहिल्या, हे आपणांपैकी किती जणांस ठाऊक आहे?

कृपाबाईंचा जन्म १८६२ सालचा. वडील हरिपंत खिस्ती व आई राधाबाई ब्राह्मण कुळातून ख्रिस्ताकडे आलेले. वडिलांचे छत्र लवकरच हरपले. थोरला बंधू भास्कर याने तिला वाचनाची गोडी लाविली, पण तोही ऐन तारुण्यात गेला. डॉक्टरकीसाठी तिला विलायतेस पाठविण्याचा बेत प्रकृतीमुळे फसला. १८७८ साली ती मद्रास मेडिकल कॉलेजात दाखल झाली, पहिल्या वर्षी चमकली, आणि आजारपणाने तेही शिक्षण सुटले. रुग्णसेवेची उत्कंठा धरणारी मुलगी स्वतःच अंथरुणास खिळली!

मद्रासेत ती रेव्ह. सत्यनाथन यांच्या घरी राहत असे. त्यांचेच चिरंजीव सॅम्युएल यांच्याशी तिचा विवाह झाला. उटीस असताना तिने मुसलमान मुलींसाठी शाळा चालविली, व नियतकालिकांत लिहू लागली. मात्र स्वतःचे नाव न देता, 'एक भारतीय स्त्री' एवढीच सही करून.

'सगुणा' ही कादंबरी १८८७-८८ मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकातून क्रमशः आली. ती बव्हंशी तिचीच जीवनकथा. पण तीत मनाला चटका लाविते ती आई. पतीने धर्म बदलला, त्याच्यामागून ती गेली खरी; पण आप्तांचा व जुन्या देवांचा वियोग तिला सोसवेना, आणि तिचे अंतःकरण हळूहळूच वळले. बाप्तिस्म्याचा आनंद आपण पुष्कळ सांगतो. घरातील स्त्रीने काय सोसले, हे कितीसे सांगतो? कृपाबाईंनी ते लपविले नाही.

पुढे त्यांचे एकुलते बाळ वर्षाचे होण्याआधीच गेले. खालावत्या प्रकृतीतच त्यांनी 'कमला' लिहिली. तिची नायिका हिंदू बालवधू, पुढे विधवा. तिला ख्रिस्ती करून कथा संपविण्याचा मोह लेखिकेने टाळला, हे मला विशेष वाटते.

ऑगस्ट १८९४ मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, कृपाबाई प्रभुघरी गेल्या. 'सगुणा' पुस्तकरूपाने निघाली ती १८९५ साली.