डफ घेऊन सभा जिंकणारा बार्शीचा शाहीर

गावात सभा घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न पडतो तो माणसं जमवायची कशी हा. आमच्या खात्यातल्या माणसांना तर तो रोजचाच. बीजप्रक्रिया सांगायला चावडीवर बसावं, तर पुढं पोरंटोरंच जास्त. दिवसभर रानात राबलेल्या माणसानं रात्री भाषण ऐकायला यावं तरी का? आज ज्या माणसाची ओळख करून देतोय, त्याच्या कार्यक्रमाला मात्र माणूस आपणहून यायचा. हा माणूस म्हणजे शाहीर अमर शेख.

मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. जन्म २० ऑक्टोबर १९१६ चा, सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीचा. घर मुसलमानाचं, गरिबीचं. आई मुनेरबी. तिच्या तोंडी जात्यावरच्या ओव्या नि लोकगीतं असायची, तीच पोराची पहिली शाळा. आपल्याकडं कितीतरी गाणाऱ्यांचं असंच आहे बघा, गुरू शोधायला गेलं की शेवटी आईच सापडते. पुढं पोटासाठी मोटारीवर क्लीनर झाला, गिरणीत कामाला लागला. गिरणी कामगारांच्या संपात पुढं झाला आणि त्यापायी तुरुंगात गेला. विसापूरच्या जेलमध्ये कॉम्रेड रघुनाथ कऱ्हाडकरांची गाठ पडली आणि हा गडी कम्युनिस्ट झाला. सुटल्यावर कोल्हापूरला मास्टर विनायकांच्या स्टुडिओत काही दिवस काढले. मेहबूबचा अमर शेख झाला तो तिथंच.

पण खरं काम सुरू झालं मुंबईत. १९४४ साली अमर शेख, वाटेगावचे अण्णा भाऊ साठे आणि द. ना. गवाणकर या तिघांनी लाल बावटा कलापथक उभं केलं. पक्षाच्या सभेआधी करमणूक म्हणून दोन गाणी, असला तो प्रकार नव्हता. गाणं हीच सभा होती. बंगालचा दुष्काळ, गिरणीतली मजुरी, सावकाराचं कर्ज, हे सगळं पोवाड्यात नि लावणीच्या चालीवर यायचं. ज्याला अक्षर वाचता येत नाही त्याच्यासाठी वर्तमानपत्र म्हणा की. अण्णा भाऊंचे शब्द धारदार, आणि अमर शेखांचा आवाज पहाडी. हाताशी डफ असला की पुरे.

तमाशाची बांधणी तुम्हाला ठाऊक आहेच: आधी गण, मग गवळण, बतावणी, शेवटी वग. अण्णा भाऊंनी हा साचा मोडला नाही, आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी मातीला नि राबणाऱ्या माणसाला वंदन आलं. वगात राजाराणीच्या ऐवजी सावकार, शेठ नि पुढारी आले. सरकारला ते झोंबलं. १९४७ नंतर मुंबई सरकारनं तमाशावर बंदी आणली, कलापथकाच्या कार्यक्रमांवरही बंदी घातली. तेव्हा तमाशा हे नावच बदलून लोकनाट्य केलं आणि खेळ चालू ठेवला. नुसत्या गाण्यानं काय होतं म्हणणाऱ्यांनी एवढंच ध्यानात घ्यावं, की निरुपद्रवी गोष्टीवर कुठलंही सरकार बंदी घालत नाही.

मग आला संयुक्त महाराष्ट्राचा लढा. २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाला. फेब्रुवारी १९५६ मध्ये संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली, आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला द्वैभाषिक राज्य लादलं गेलं. या वर्षांत अमर शेखांनी मुलूख पालथा घातला. अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड त्यांच्याच आवाजात गाजली. तिची खुबी समजून घेण्यासारखी आहे. पोटासाठी मुंबईला गेलेला गडी गावाकडं राहिलेल्या बायकोच्या आठवणीनं झुरतो, ऐकणाऱ्याला वाटतं ही विरहाची लावणी. आणि ऐकता ऐकता ध्यानात येतं, की ताटातूट महाराष्ट्राची चाललीय. ज्या गावातनं घरटी एक माणूस गिरणीत गेलेला, तिथं हे कळायला पुढाऱ्याची गरज पडली नाही. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीनं काँग्रेसला लोळवलं. ते श्रेय एकट्या गाण्याला देणं खोटं होईल. त्यामागं आचार्य अत्र्यांची लेखणी होती, एसेम नि डांगे यांची संघटना होती. पण पुढारी बोलायला उठायच्या आत मैदान भरलेलं नि तापलेलं असायचं, ते शाहिरांमुळं.

१ मे १९६० ला राज्य झालं. बेळगाव, कारवार बाहेरच राहिलं. गोव्याच्या मुक्तीसाठीही अमर शेख गायले. १९६२ मध्ये चीननं आक्रमण केलं तेव्हा कम्युनिस्टांकडं लोक संशयानं बघत होते. हा कम्युनिस्ट शाहीर मात्र डफ घेऊन देशासाठी निधी गोळा करत फिरला. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली ही सगळ्यात अवघड जागा. पक्षात त्या प्रश्नावर उभी फूट पडत होती, आणि ते आपल्या समोरच्या माणसांबरोबर राहिले.

लोक त्यांना गायक म्हणूनच ओळखतात, पण लिहिलंही पुष्कळ. 'कलश' (१९५८) आणि 'धरतीमाता' (१९६३) हे कवितासंग्रह, 'पहिला बळी' हे नाटक. 'प्रपंच' या मराठी सिनेमात कामही केलं. पुस्तकं मिळाली तर जरूर वाचा, मात्र कागदावर तो आवाज भेटत नाही.

१८ जुलै १९६९ ला मुंबईत अण्णा भाऊ गेले. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. वय अवघं बावन्न. मुंबई विद्यापीठात आज त्यांच्या नावाचं अध्यासन आहे, आणि तिथं लोककला शिकायला येणारी पुष्कळ पोरं आपल्यासारख्याच गावांतली असतात.