डॉ. भाऊ दाजी लाड व पाटणचा मठ

जोयड्यालगतच्या गोमंतकात, पेडण्यातील मांद्रे ग्रामी डॉ. भाऊ दाजी लाड जन्मले. १८५१ मध्ये ते मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजचे पदवीधर झाले. १८६९ मध्ये लाभलेल्या शेरीफपदाचेच कौतुक फार होते. परंतु रुग्णसेवेतून उरलेला काळ त्यांनी जीर्ण शिलालेखांस वाहिला. चाळीसगावनजीक पाटण येथील भवानीच्या भग्न देवालयातील शके ११२८ चा लेख त्यांनी शोधिला आणि १८६५ मध्ये विद्वानांपुढे ठेविला. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनार्थ तेथे मठ स्थापिला होता. १८७४ मध्ये डॉक्टर निवर्तले. निकुंभ राजा सोइदेवाचे दान संस्कृतात कोरलेले आहे. घाण्यामागे मठास पळीभर तेल द्यावे, हे मात्र मराठीत.