फिलिप पिनेल

पॅरिस शहरातील साल्पेत्रिएर या विस्तीर्ण आणि पुरातन रुग्णालयासमोर १८८५ साली उभारलेला एका वैद्याचा पुतळा आहे. त्या वैद्याचे नाव फिलिप पिनेल. वेड्यांच्या पायांतील बेड्या त्याने आपल्या हातांनी तोडल्या, अशी त्याची ख्याती पुढे जगभर पसरली. खरी हकीकत थोडी निराळी आहे आणि ती ऐकल्याने पिनेलचा मोठेपणा उणावत नाही.

पिनेलचा जन्म २० एप्रिल १७४५ रोजी दक्षिण फ्रान्समधील एका खेड्यात झाला. घराण्यात वैद्यकीचा व्यवसाय होता. तरीही फिलिपने प्रथम धर्मशास्त्राचा अभ्यास केला. पुढे मन पालटल्यावर १७७३ साली त्याने तुलूझच्या विद्यापीठात वैद्यकीची पदवी मिळविली. परंतु १७७८ साली तो पॅरिसला आला, तेव्हा तेथील वैद्यांनी परगावची ही पदवी मानली नाही. राजधानीत त्याला रोगी तपासण्याची मुभा नव्हती. गणिताच्या शिकवण्या घेऊन आणि वैद्यकीय ग्रंथांची भाषांतरे करून त्याने कित्येक वर्षे पोट भरले. स्वभावाने तो भिडस्त होता. चार मोठ्या लोकांत पुढे पुढे करणे त्याला कधी साधले नाही.

याच काळात एका दुःखद प्रसंगाने त्याच्या आयुष्याला वळण दिले. त्याच्या एका तरुण, अभ्यासू मित्राच्या मनाचा तोल ढळला. कोणतेही उपचार लागू पडेनात. अखेर तो घरातून रानात निघून गेला आणि तेथेच त्याचा अंत झाला. आपण वैद्य असूनही मित्राला वाचवू शकलो नाही, ही गोष्ट पिनेलच्या जिव्हारी लागली. तेव्हापासून मनाचे विकार हाच त्याच्या अभ्यासाचा विषय झाला.

अशा रोग्यांची त्या काळी काय दशा होती? पॅरिसच्या एका मोठ्या रुग्णालयात त्यांच्या शिरेतून रक्त काढीत, त्यांना जुलाब देत आणि थंड पाण्याने स्नाने घालीत. काही आठवड्यांत गुण आला नाही, तर रोगी असाध्य ठरे. असाध्य ठरलेल्या पुरुषांची रवानगी पॅरिसबाहेरच्या बिसेत्र या संस्थेत होई. तेथे भिकारी आणि कैदीही ठेवलेले असत. वेड्यांपैकी कित्येकांना साखळदंडांनी जखडून ठेवीत. १७९३ सालच्या शरद ऋतूत पिनेल तेथे वैद्य म्हणून रुजू झाला. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीचा वणवा पेटला होता. त्याच वर्षी जानेवारीत राजाचा शिरच्छेद झाला, तेव्हा पहाऱ्यावरील नागरिक-सैनिकांत पिनेलही उभा होता.

बिसेत्रमधील सुमारे दोनशे वेड्यांचा विभाग झाँ-बाप्तिस्त प्यूसँ नावाचा माणूस सांभाळीत असे. तो पिनेलच्याच वयाचा होता. मूळ धंदा कातडी कमावण्याचा. गंडमाळेच्या रोगाने पीडित होऊन तो स्वतः रोगी म्हणून बिसेत्रला आला, बरा झाला आणि तेथेच नोकरीस राहिला. वैद्यकी तो कधी शिकला नव्हता. पण रोग्यावर हात उगारायचा नाही, असा त्याने नोकरांना सक्त दंडक घातला होता. नोकरही तो पुष्कळदा बऱ्या झालेल्या रोग्यांतूनच निवडी. ज्याने दुःख भोगले आहे, तो दुसऱ्याला सहसा छळत नाही, असा त्याचा अनुभव होता. त्याची पत्नी मार्गरित हीसुद्धा या कामात त्याला साथ देई.

दुसरा एखादा पदवीधर असता, तर चांभाराच्या शेजारधर्माचा हा माणूस आपल्याला काय शिकवणार, असे मनात म्हणून पुढे गेला असता. पिनेल मात्र प्यूसँचा शिष्य झाला. तो रोग्यांजवळ जाऊन बसे, त्यांचे बोलणे ऐके आणि एकेकाची हकीकत टिपून ठेवी. ज्यांच्या कपाळी असाध्य असा शिक्का बसला होता, त्यांतलेही काही शांत वागणुकीने, नियमित कामाने आणि गोड शब्दांनी सुधारतात, हे त्याला दिसून आले.

अर्थात प्रत्येक वेळी यश आले, असे नाही. पॅरिसमधील एक शिंपी राजाच्या वधाबद्दल काहीतरी बोलून गेला होता. लोक आपल्याकडे संशयाने पाहतात असे त्याला वाटू लागले आणि आपलाही शिरच्छेद होणार या धास्तीने त्याची झोप उडाली. पिनेलने त्याला इतर रोग्यांचे कपडे शिवण्याचे काम दिले. हातात सुई येताच तो पुष्कळ सावरला. पुढे धास्तीने पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा पिनेलने एक युक्ती योजिली. तीन तरुण वैद्य न्यायाधीशांच्या काळ्या पोशाखात आले, त्यांनी शिंप्याची रीतसर चौकशी केली आणि त्याला निर्दोष ठरविले. शिंप्याच्या मनावरचे ओझे उतरले. परंतु पुढे कोणीतरी अविचाराने त्याला सांगून टाकले की, तो सारा बनाव होता. त्याची प्रकृती पुन्हा बिघडली आणि मग ती सुधारली नाही. पिनेलने ही हकीकत आपल्या ग्रंथात जशीच्या तशी नोंदविली आहे. आपली फसलेली युक्ती लपवावी, असे त्याला वाटले नाही.

मृत रोग्यांचे मेंदूही त्याने तपासून पाहिले. पुष्कळ मेंदूंत त्याला काहीच बिघाड आढळला नाही. मेंदू नासलेला नाही, तर रोगी बरा होण्याची आशा का सोडावी, असा विचार त्याने केला. नुसत्या डोळ्यांना न दिसणारे बदल मेंदूत घडत असतात, हे कळण्याची साधने त्या काळी नव्हती. म्हणजे त्याची पाहणी अपुरी होती; पण तिच्यातून त्याला मिळालेली आशा खोटी ठरली नाही. १९५२ साली पॅरिसमध्येच सेंत-आन रुग्णालयातील वैद्यांनी क्लोरप्रोमाझिन या औषधाने अशा रोग्यांना उतार पडतो, हे दाखवून दिले.

१७९५ साली पिनेलची नेमणूक साल्पेत्रिएर येथे, स्त्री-रोग्यांसाठी झाली. तो गेल्यानंतर, १७९७ साली बिसेत्रमधील साखळदंड काढले, ते प्यूसँने. अनावर झालेल्या रोग्यासाठी त्याने जाड कापडाचा, बाह्या बांधता येतील असा अंगरखा वापरला. तोही बंधनच होता. पण लोखंडासारखा तो मांसात रुतत नसे. काही वर्षांनी पिनेलने प्यूसँला आपल्याकडे बोलावून घेतले आणि साल्पेत्रिएरमध्येही तोच मार्ग अनुसरला.

मनोविकारांवरील पिनेलचा ग्रंथ १८०१ साली प्रसिद्ध झाला. गणिताच्या शिकवण्या येथेही उपयोगी पडल्या. किती रोगी आले आणि किती बरे झाले, यांचे कोष्टक मांडून ते त्याने १८०७ साली विद्वानांच्या सभेपुढे ठेवले. ग्रंथाच्या १८०९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत, बिसेत्रच्या बेड्या काढण्याचे श्रेय त्याने स्पष्ट शब्दांत प्यूसँला दिले. प्यूसँ १८११ साली वारला.

पिनेल ऑक्टोबर १८२६ मध्ये निवर्तला. त्यानंतर त्याचा पुत्र आणि शिष्य यांनी सांगितलेल्या कथांतून बेड्या तोडण्याचे सारे श्रेय त्याच्याच पदरी पडले. १८७६ साली तोनी रोबेर-फ्लरी या चित्रकाराने साल्पेत्रिएरमधील मुक्ततेचे एक भव्य चित्र काढले. त्यात पिनेल काठी घेऊन शांतपणे उभा आहे आणि एक स्त्री कृतज्ञतेने त्याचा हात हाती घेऊन वाकली आहे. मधोमध उभ्या असलेल्या तरुणीची बंधने मात्र सोडतो आहे दुसराच एक माणूस.