कृष्णाकाठचा यंत्रकर्मी : कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर

कृष्णा, वारणा आणि पंचगंगा या नद्यांच्या काठी काळी जमीन कसणारी जी असंख्य कुटुंबे आहेत, त्यांत आपल्या समाजातील शेतकरी घराण्यांची संख्या फार मोठी आहे. या घरांतून एके काळी ‘किर्लोस्कर’ हे नाव एका लोखंडी नांगराचे नाव म्हणूनच परिचित होते. त्या नांगराला ज्या माणसाने आकार दिला, त्याच्याजवळ अभियांत्रिकीची पदवी नव्हती, वडिलोपार्जित भांडवल नव्हते आणि कारखानदारीची घराण्यात परंपराही नव्हती. होती ती रेखाटन जाणणारी नजर आणि यंत्राशी सलगी करणारे हात. कै. लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांचे चरित्र म्हणजे या नजरेचे आणि या हातांचे चरित्र होय.

त्यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. मराठी संगीत रंगभूमीचे जनक अण्णासाहेब किर्लोस्कर हेही याच गावचे. एका लहानशा खेड्याने महाराष्ट्राला नाटक आणि नांगर अशी दोन्ही देणी द्यावीत, हा योगायोग विलक्षणच म्हणावा लागेल. वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातील मुलाने शिकून सरकारी नोकरी धरावी, ही तेव्हाची सर्वमान्य अपेक्षा. लक्ष्मणरावांचे मन मात्र शाळेच्या पुस्तकात रमेना. चित्रे काढावीत, एखादी वस्तू खोलून आत काय आहे ते पाहावे आणि पुन्हा जोडावी, हा त्यांचा छंद. थोरले बंधू रामूअण्णा यांनी धाकट्या भावाची ही ओढ ओळखली, त्याची बाजू घेतली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले.

तेथे दोन वर्षांतच एक आघात झाला. काही रंगांतील भेद त्यांच्या डोळ्यांना नीट कळत नाही, असे आढळून आले. चित्रकार होऊ इच्छिणाऱ्या तरुणाला याहून मोठे दुर्दैव कोणते? रंगकाम सोडणे भाग पडले. परंतु रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणराव यंत्ररेखनाकडे वळले, त्यात पारंगत झाले आणि भायखळ्याच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यंत्ररेखनाचे साहाय्यक शिक्षक म्हणून रुजू झाले.

यंत्ररेखन म्हणजे नुसती चित्रकला नव्हे. कागदावरच्या एका आकृतीत वस्तूची समोरची बाजू, वरची बाजू आणि आतला छेद मापासह दाखवावा लागतो. ती आकृती हाती घेऊन कारागिराने लोखंड कापायचे असते. आकृतीत केसभर चूक झाली, तर दोन भाग एकमेकांत बसत नाहीत. शिकवता शिकवता लक्ष्मणरावांना हे उमगले की, ज्याने स्वतः कानस चालविली नाही, लेथवर लोखंड कातले नाही, त्याचे रेखन कच्चे राहते. म्हणून शिकविण्याचे तास संपले की ते संस्थेच्या कर्मशाळेत जात आणि यंत्रे स्वतःच्या हातांनी चालवून पाहत. वर्गात शिक्षक आणि कर्मशाळेत उमेदवार, अशी ही दुहेरी भूमिका होती. माझ्या मते त्यांचे खरे शिक्षण याच काळात झाले. पुढे त्यांनी जे जे उभारले, त्याचे मूळ या संध्याकाळच्या तासांत आहे.

याच मुंबईत त्यांच्या दृष्टीस सायकल पडली. दोन चाकांवर तोल सांभाळत धावणारे हे वाहन त्या काळी अपूर्वाईचे होते. लक्ष्मणरावांनी त्यातील व्यवहार ओळखला. १८८८ साली बेळगावात ‘किर्लोस्कर ब्रदर्स’ या नावाचे सायकलींचे दुकान सुरू झाले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली खरेदी करून पाठवाव्यात आणि रामूअण्णांनी त्या विकून, गिऱ्हाइकाला वर बसण्याचे शिक्षणही द्यावे, अशी वाटणी होती. शिकविण्याचे मोल वेगळे घेतले जाई. पुढे मुंबईच्या संस्थेत बढतीची वेळ आली, तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून ती जागा एका युरेशियन गृहस्थास देण्यात आली. तो अपमान त्यांनी गिळला नाही. राजीनामा देऊन ते बेळगावास आले आणि दुकानाच्या जोडीला त्यांनी लहानशी कर्मशाळा थाटली.

येथे एक गोष्ट आजच्या तरुण वाचकांनी ध्यानी घेण्याजोगी आहे. त्या काळच्या सुशिक्षित घरांत लेखणीला मान होता, व्यापारी घरांत तराजूला होता. तेलकट कपड्यांनी भट्टीजवळ उभे राहणे मात्र दोन्हीकडे कमीपणाचे समजले जाई. वास्तविक आपल्या परंपरेने भगवान ऋषभदेवांनी शिकविलेल्या असि, मसि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प या षट्कर्मांत शिल्पाला, म्हणजेच हाताच्या कौशल्याला, इतर कर्मांच्याच पंक्तीत बसविले आहे. व्यवहारात ती पंगत मोडली होती. लक्ष्मणरावांनी कोणतेही व्याख्यान न देता भट्टीजवळची जागा पत्करली.

पहिले यंत्र त्यांनी हाती घेतले ते कडबा कापण्याचे. ज्वारीचा कडबा जनावरापुढे आख्खा टाकला की, ते पाने आणि कोवळा भाग खाते, जाड बुडखे पायाखाली तुडविले जातात. तोच बारीक कापून घातला, तर वाया काही जात नाही. दुष्काळाची टांगती तलवार असलेल्या मुलखात ही बचत लहान नव्हती. त्यानंतर १९०३ साली लोखंडी नांगर तयार झाला, आणि खऱ्या कसोटीला आरंभ झाला.

आपल्याकडील परंपरागत लाकडी नांगर बाभळीच्या लाकडाचा, अवजड. काळ्या जमिनीत खोल शिरण्यासाठी त्याला बैलांच्या अनेक जोड्या जुंपाव्या लागत. तो जमीन उकरतो, परंतु उलटी करीत नाही. त्यामुळे हरळी आणि कुंदा यांची मुळे आतच राहतात. लोखंडी नांगराच्या फाळामागे वळणदार पत्रा असतो. फाळाने कापलेले ढेकूळ त्या वळणावरून चढते आणि कूस बदलून पडते; खालची माती वर येते, तणांची मुळे उन्हात तापतात. विलायती बनावटीचे असे नांगर हिंदुस्थानात येत असत. परंतु फाळ झिजला तर नवा कोठून आणावयाचा, हा प्रश्न होताच. झिजणारा भाग जवळच मिळावा आणि तुटलेला नांगर जवळच दुरुस्त व्हावा, यासाठी तो येथेच घडला पाहिजे.

नांगर घडला, पण घ्यावयास कोणी तयार होईना. लोखंडामुळे जमिनीला विष बाधते, अशी समजूत शेतकऱ्यांत पसरलेली होती. वास्तविक लाकडी नांगराच्या टोकालाही लोखंडी फाळ पिढ्यान्‌पिढ्या बसविला जातच होता! तेव्हा खरा आक्षेप लोखंडाला नसून नवेपणाला असावा, असे वाटते. मात्र शेतकऱ्याला दोष देण्याचेही कारण नाही. ज्याचे वर्षाचे अन्न एका नांगरटीवर अवलंबून आहे, त्याने परक्याच्या शब्दावर धोका का पत्करावा? पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली. भांडवल तुटपुंजे, माल पडून, देणी डोक्यावर. अशा वेळी सायकलींच्या दुकानावर समाधान मानणे सोपे होते. लक्ष्मणरावांनी तसे केले नाही. एकदा नांगर शेतात चालू लागल्यावर मात्र त्याने आपली साक्ष आपणच दिली.

फाळाचे टोक हा या साऱ्यातील नाजूक भाग होता. ते मऊ असेल तर लवकर झिजते, आणि कठीण करावे तर दगडाला लागून तुटते. ओतीव लोखंडाचा रस साच्यात जेथे झपाट्याने थंड होतो तेथे कठीण बनतो, सावकाश निवतो तेथे त्या मानाने मऊ राहतो. कोठे किती कठीणपणा हवा, हे साध्य होण्यासाठी लोखंडाची जात, भट्टीचा ताव आणि साच्याची घडण, तिन्ही जुळावी लागतात. हे पुस्तकाने अर्धे कळते. उरलेले अर्धे फसलेल्या ओतकामाच्या ढिगाऱ्यातून शिकावे लागते. अमेरिकेहून येणारी यंत्रविषयक नियतकालिके लक्ष्मणराव मन लावून वाचीत आणि वाचलेले भट्टीवर पारखून पाहत.

व्यवसाय मूळ धरीत असतानाच बेळगावच्या नगरपालिकेने कर्मशाळेची जागा सोडण्यास सांगितले. १९१० सालच्या आरंभी हा कारखाना निराधार झाला. त्या वेळी लक्ष्मणरावांकडे औंध येथील एका मंडपाचे बांधकाम होते, आणि औंधच्या गादीवर नुकतेच आलेले अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. रंगांनी नाकारलेला यांत्रिक आणि रंगांत रमणारा राजा यांची ही भेट फलदायी ठरली. बाळासाहेबांनी कुंडल रोड स्थानकानजीक ३२ एकर जमीन आणि बिनव्याजी कर्ज दिले. जमीन म्हणजे निवडुंगाचे रान. पाण्याची वानवा, सापविंचवांचा सुळसुळाट. मार्च १९१० मध्ये तेथे वसाहतीस प्रारंभ झाला आणि ‘किर्लोस्करवाडी’ जन्मास आली.

या वाडीतील माणसे पाहण्यासारखी आहेत. शंभूराव जांभेकर तेथे होते. अनंतराव फळणीकर हे शाळा अर्धवट सोडलेले, पण कल्पक यंत्रज्ञ. के. के. कुलकर्णी परीक्षांत अपयशी ठरलेले. त्यांनी व्यवस्थापक, फिरते विक्रेते आणि वेळप्रसंगी कायदेशीर सल्लागार अशी सर्व कामे पेलली. मंगेशराव रेगे हिशेब सांभाळीत, रामूअण्णा वसाहतीची घडी बसवीत. शिक्षा भोगून आलेल्यांना रात्रीच्या पहाऱ्यावर नेमण्याचे धाडसही लक्ष्मणरावांनी केले. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असा दंडक होता. ज्याच्या डोळ्यांतील उणीव एका दाराशी आडवी आली आणि दुसरे दार उघडून गेली, त्याला माणसाच्या प्रमाणपत्रापेक्षा त्याचे काम पाहावेसे वाटले, यात नवल नाही.

१९१४ साली पहिले महायुद्ध सुरू झाले. परदेशी माल येईनासा झाला आणि नांगरांची मागणी वाढली; पण लोखंड आणि कोळसाही दुर्मीळ झाला. अशा वेळी कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी संस्थानातील निकामी जुन्या तोफा ओतकामासाठी दिल्या. गडावर गंजत पडलेले ते लोखंड वितळून त्याचे फाळ झाले आणि जमिनीत चालू लागले.

जानेवारी १९२० मध्ये ‘किर्लोस्कर ब्रदर्स लिमिटेड’ ही कंपनी स्थापन झाली. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांच्या संपादनाखाली ‘किर्लोस्कर खबर’ निघू लागले. त्याचेच पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, आणि १९३० पासून ‘स्त्री’ मासिकाची जोड मिळाली. मराठी घरांवर या मासिकांनी जो संस्कार केला तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे. कारखान्यात उसाचे चरक, भुईमूग फोडण्याची यंत्रे, हातपंप असा पसारा वाढत गेला. १९२६ साली येथे सेंट्रिफ्युगल पंप तयार झाला. या जातीचा तो भारतातील पहिला पंप मानला जातो. ज्या माळावर प्यायला पाणी नव्हते, तेथून पाणी उपसण्याची यंत्रे गावोगाव जाऊ लागली. विहिरीवरच्या मोटेची जागा पंपाने घेतली तेव्हा आपल्या भागातील ऊसशेतीचे रूप कसे पालटले, हे ज्येष्ठ वाचकांना निराळे सांगावयास नको.

चिरंजीव शंतनुराव १९२२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये शिकावयास गेले. पदवी नसलेल्या पित्याने मुलाला जगातील अग्रगण्य तंत्रविद्यालयात पाठविले, यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. हातांच्या कामाचा अभिमान असला, तरी पुस्तकी ज्ञानाचा तिटकारा त्यांना नव्हता. हरिहर येथे लेथ बनविणारा कारखाना, पुढे १९४६ साली पुण्यात ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा, असा विस्तार पुढच्या पिढीने केला.

१९४८ च्या प्रारंभी, महात्माजींच्या हत्येनंतर उसळलेल्या जाळपोळीची झळ वाडीलाही लागली. आयुष्यभराच्या कष्टांतून उभारलेल्या वास्तूंपैकी काही आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. लक्ष्मणराव तेव्हा ऐंशीच्या घरात पोहोचत होते. ढिगारे उपसून कारखाना पुन्हा सुरू करण्यात आला.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीच्या निमित्ताने, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले. पुणे-मिरज लोहमार्गावरील कुंडल रोड हे स्थानक आज किर्लोस्करवाडी या नावाने ओळखले जाते.