खिडकीतली मेणबत्ती : संत पोप तेविसावे जॉन



दर वर्षी १८ ते २५ जानेवारी हा आठवडा आपण ख्रिस्ती ऐक्याच्या प्रार्थनेसाठी पाळतो. १९५९ साली या आठवड्याच्या शेवटच्या दिवशी, रोममधील संत पौलाच्या महामंदिरात, सत्त्याहत्तर वर्षांच्या पोप तेविसावे जॉन यांनी विश्वपरिषद बोलावण्याचा मनोदय जाहीर केला. सगळे चकित झाले. परंतु ऐक्याची ही ओढ त्यांना म्हातारपणी अचानक लागलेली नव्हती. तिची मुळे बल्गेरियात होती.

अँजेलो रोंकाल्ली यांचा जन्म २५ नोव्हेंबर १८८१ रोजी उत्तर इटलीतील सोत्तो इल मोंते या खेड्यात, एका मोठ्या व गरीब शेतकरी कुटुंबात झाला. १९०४ साली ते धर्मगुरू झाले. १९२५ मध्ये पोप अकरावे पायस यांनी त्यांना आर्चबिशप करून बल्गेरियाला पाठवले. तेथील बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती होते. कॅथोलिक मूठभर आणि खेडोपाडी विखुरलेले. १०५४ सालापासून चालत आलेल्या दुराव्यामुळे रोमहून आलेल्या माणसाकडे लोक संशयाने पाहत.

१९२८ च्या एप्रिलमध्ये बल्गेरियात मोठा भूकंप झाला. रोंकाल्ली आपद्‌ग्रस्तांमध्ये जाऊन राहिले, रोमकडून मदत मिळवली आणि कोण कोणत्या पंथाचा हे न विचारता ती वाटली. त्यामुळे लोकांची मने हळूहळू मोकळी होऊ लागली.

पुढे कठीण प्रसंग आला. ऑर्थोडॉक्स राजे बोरिस आणि इटलीची कॅथोलिक राजकन्या जोव्हान्ना यांचा विवाह २५ ऑक्टोबर १९३० रोजी असिसी येथे कॅथोलिक विधीने झाला. विवाहविधी पुन्हा होणार नाही आणि मुले कॅथोलिक श्रद्धेत वाढवली जातील, असे वचन रोमला देण्यात आले होते. मात्र काही दिवसांतच सोफिया शहरात ऑर्थोडॉक्स विधी पार पडला, आणि १९३३ साली पहिल्या मुलीचा स्नानसंस्कारही ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये झाला. पोप अतिशय नाराज झाले. रोंकाल्ली यांची स्थिती अवघड झाली. ख्रिस्तसभेचा निषेध त्यांनी कर्तव्य म्हणून कळवला, पण मनात कटुता धरली नाही. सत्य सोडायचे नाही आणि माणूसही तोडायचा नाही, हे त्यांनी तेथे आचरणात आणले. अशा वेळी आपण बहुधा यांपैकी एकच गोष्ट धरतो व दुसरी सोडून देतो.

दहा वर्षे सरली. हिशेब मांडला तर हाती फारसे काही दिसत नव्हते. दोन्ही ख्रिस्तसभा होत्या तेथेच होत्या. १९३४ च्या नाताळात, निरोपाच्या प्रवचनात, त्यांनी बल्गेरियन लोकांना एक वचन दिले. जगाच्या पाठीवर मी कोठेही असलो आणि तुमच्यापैकी कोणी अडचणीत सापडून रात्री माझ्या घरावरून गेला, तर त्याला माझ्या खिडकीत पेटलेली मेणबत्ती दिसेल. त्याने दार ठोठवावे. तो कॅथोलिक की ऑर्थोडॉक्स हे मी विचारणार नाही. तो बल्गेरियाचा माझा भाऊ आहे, एवढे मला पुरे, असा त्याचा आशय होता.

त्यानंतर इस्तंबूल, पॅरिस, व्हेनिस असा प्रवास करून १९५८ साली ते पोप झाले. १९६० च्या जूनमध्ये त्यांनी ख्रिस्ती ऐक्यासाठी स्वतंत्र सचिवालय स्थापन केले व कार्डिनल बेआ यांच्याकडे सोपवले. त्याच वर्षी २ डिसेंबरला कँटरबरीचे आर्चबिशप जेफ्री फिशर व्हॅटिकनमध्ये त्यांना भेटले. इंग्लंडची ख्रिस्तसभा रोमपासून वेगळी झाल्यानंतरची अशी ही पहिलीच भेट.

११ ऑक्टोबर १९६२ रोजी दुसरी व्हॅटिकन परिषद सुरू झाली. ऑर्थोडॉक्स व प्रॉटेस्टंट निरीक्षकांना संत पेत्राच्या महामंदिरात मानाची जागा मिळाली. दोन दिवसांनी त्यांना भेटताना पोपमहोदयांनी बल्गेरियातील दिवसांची आठवण काढली. तेव्हा आम्ही वाद घातले नाहीत, एकमेकांवर प्रेम केले, असे त्यांनी सांगितले. वरवर निष्फळ वाटलेल्या त्या दहा वर्षांचे फळ आता समोर बसले होते.

३ जून १९६३ रोजी त्यांचे निधन झाले. परिषदेने ऐक्याविषयीचा आदेश १९६४ साली संमत केला. १०५४ च्या बहिष्काराची स्मृती १९६५ मध्ये दोन्ही बाजूंनी पुसून टाकली. हे पाहायला ते नव्हते. २०१४ साली त्यांना संतपद बहाल करण्यात आले.

पूर्ण ऐक्य अजून झालेले नाही. श्रद्धेतील मतभेद खरे आहेत, ते झाकून चालणार नाही. शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने आपल्या सर्वांच्या ऐक्यासाठी पित्याजवळ प्रार्थना केली. ती पूर्ण करणे पवित्र आत्म्याचे काम आहे. पण आपल्याच घरात दुसऱ्या पंथातील सून किंवा जावई येतो, शेजारी दुसऱ्या चर्चला जातो, त्याच्या घरी आजारपण येते, मयत होते. तेथे आपण जातो का? या आठवड्यात निदान एका तरी अशा घरी जाऊ या, आणि त्यांची हरकत नसेल तर त्यांच्यासोबत प्रभूची प्रार्थना म्हणू या. ती त्यांची आणि आपली एकच आहे.