कुंपण नसलेला तुरुंग उभारणारा औंधचा राजा

व्ही. शांताराम यांचा 'दो आँखें बारह हाथ' बऱ्याच जणांनी पाहिला असेल. सहा खुनी कैदी, एक जेलर आणि एक ओसाड माळ. १९५७ साली आलेल्या या सिनेमाची कथा ग. दि. माडगूळकरांची. पण ती निव्वळ कल्पना नव्हती. गदिमांचं बालपण ज्या संस्थानात गेलं, तिथेच असा प्रयोग खरोखर झाला होता.

त्या संस्थानाचं नाव औंध आणि राजाचं नाव भवानराव श्रीनिवासराव पंतप्रतिनिधी, म्हणजेच बाळासाहेब.

पुणे-मिरज रेल्वेमार्गावर रहिमतपूर स्टेशन लागतं. तिथून पूर्वेकडे गेलं की औंध. रहिमतपूर ब्रिटिशांच्या सातारा जिल्ह्यात होतं, तर औंधमध्ये पंतप्रतिनिधींचं राज्य. संस्थान लहान, गावं जेमतेम ७०-७५ आणि तीही विखुरलेली. त्यातलं आटपाडी तर दूर, माणदेशच्या दुष्काळी पट्ट्यात.

भवानरावांचा जन्म २४ ऑक्टोबर १८६८ चा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून ते बी.ए. झाले आणि १९०९ साली गादीवर आले. हा राजा शिकारीपेक्षा चित्रांत जास्त रमायचा. ते स्वतः चित्रं काढायचे, कीर्तन करायचे. १९१६ साली त्यांचं 'चित्ररामायण' प्रसिद्ध झालं. १९३५ साली इंदूरच्या मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. औंधच्या टेकडीवरचं भवानी संग्रहालयही त्यांनीच उभारलं.

त्यांचं आणखी एक वेड म्हणजे सूर्यनमस्कार. वाढत्या वयात जी सवय लागते ती आयुष्यभर टिकते, असा त्यांचा विश्वास होता. म्हणून संस्थानातल्या शाळांमध्ये त्यांनी सूर्यनमस्कार सुरू केले. आधी सवय घडवायची, मग माणूस घडतो, हे सूत्र पुढे तुरुंगातही वापरलं गेलं.

झालं असं की, ३० च्या दशकात मॉरिस फ्रीडमन हे पोलंडचे इंजिनिअर औंधला आले. बंगळुरूच्या सरकारी कारखान्यात काम करणारा हा माणूस गांधीजींच्या विचारांनी भारावलेला होता. भवानरावांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत यांच्याशी त्यांची दोस्ती जमली. जानेवारी १९३९ मध्ये भवानरावांनी गांधीजींच्या सल्ल्याने नवी राज्यघटना लागू केली आणि आपले अधिकार लोकांच्या हाती दिले. कारभार ग्रामपंचायतींकडे गेला. तंटे गावातच पंचांसमोर मिटावेत, अशी सोय झाली.

मग प्रश्न आला कैद्यांचा. आटपाडीजवळच्या माळावर त्यांच्यासाठी वसाहत उभी राहिली. नाव ठेवलं स्वतंत्रपूर. कल्पना फ्रीडमन यांची, पण परवानगी आणि जबाबदारी राजाची. इथे ना उंच भिंत होती, ना बंदूकधारी पहारा. कैद्यांनी जमीन कसायची, पिकवायचं आणि घरच्यांसोबत राहायचं.

यात धोका नव्हता का? होताच. एखादा कैदी पळाला असता किंवा त्याने पुन्हा कुणाचा जीव घेतला असता, तर दोष राजावर आला असता. वर ब्रिटिश सरकारची नजर होतीच. पण भवानरावांचा हिशोब सरळ होता. शिक्षा संपल्यावर हा माणूस गावातच परतणार आहे. मग तो कसा परतावा, याचा विचार आधीच करायला हवा.

नेमका हाच प्रश्न आज अल्पवयीन आरोपींबद्दल विचारला जातो.

ब्रिटिश मुलखात १८९७ साली सुधारशाळांचा कायदा आला होता. मुंबई इलाख्यात १९२४ साली मुलांसाठी वेगळा कायदा झाला. पोरांना सराईत गुन्हेगारांसोबत कोंडू नये, हा त्यामागचा विचार. स्वातंत्र्यानंतर २००० च्या कायद्याने मुलगा असो की मुलगी, १८ वर्षांची मर्यादा ठरवली. २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचार प्रकरणानंतर मात्र वारं फिरलं. २०१५ च्या कायद्यानुसार १६ ते १८ वयाच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला, तर बाल न्याय मंडळ त्याची मानसिक क्षमता तपासतं आणि त्याच्यावर प्रौढासारखा खटला चालू शकतो. २०२४ मध्ये पुण्यात १७ वर्षांच्या मुलाच्या गाडीने दोघांचा जीव घेतला, तेव्हा निबंध लिहिण्याच्या अटीवर मिळालेल्या जामिनाने लोक भडकले आणि हा वाद पुन्हा पेटला.

मेंदूविज्ञान काय सांगतं? परिणामांचा विचार करणारा, आवेग रोखणारा मेंदूचा पुढचा भाग विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. थरार आणि बक्षीस शोधणारी यंत्रणा त्याआधीच जोरात असते. त्यात मित्र सोबत असले की धोका पत्करण्याची ओढ आणखी वाढते. म्हणजे मुलाला चूक-बरोबर कळत नाही असं नाही, पण ऐन वेळी ब्रेक लागत नाही. दुसरी बाजू अशी की, घडत असलेला मेंदू बदलूही शकतो. चांगली माणसं, काम आणि शिस्त मिळाली तर वळण लागतं. सराईतांची संगत मिळाली तर तेही वळणच असतं.

स्वतंत्रपूरचे कैदी मोठी माणसं होती, आणि औंध एवढंसं संस्थान. त्यामुळे तिथला प्रयोग जसाच्या तसा सगळीकडे चालेल असं नाही. ज्यांच्या घरातलं माणूस गेलं, त्यांचं दुःखही अशा प्रयोगाने भरून येत नाही. पण पिकल्या वयाच्या कैद्यावर एक राजा विश्वास टाकू शकला, तर १६ वर्षांच्या पोराला कायमचं वाया गेलेलं ठरवण्याची घाई का, हे विचारावंच लागतं.

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान विलीन झालं. १३ एप्रिल १९५१ रोजी भवानराव गेले. शांताराम यांचा सिनेमा त्यांना पाहायला मिळाला नाही. स्वतंत्रपूर मात्र राहिलं. सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीची ही वसाहत आता राज्याच्या कारागृह विभागाकडे आहे आणि निवडक कैदी तिथे कुटुंबासह राहून शेती करतात.