न कापणाऱ्या चाकूंचा जनक : हॅरी ब्रिअर्ली

मेसच्या भाजीला आपण सगळेच नावं ठेवतो, पण ताटाला कोणी ठेवलेली मी ऐकली नाहीत. वरण सांडो, लिंबू पिळो, लोणचं रात्रभर पडून राहो, ताट गंजत नाही. ही सोय ज्याच्यामुळे झाली त्या हॅरी ब्रिअर्लीचं नाव मटेरियल सायन्सच्या लेक्चरमध्ये एका वाक्यात येतं आणि जातं. मी त्याच्या मागे लागले ते लेक्चरमुळे नाही, तर नवेगाव बांधला राहणाऱ्या माझ्या मामांच्या एका गंजलेल्या चाकूमुळे. ती गोष्ट पुढे येईलच. आधी ब्रिअर्ली.

त्याचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. शेफील्ड म्हणजे चाकूसुऱ्यांचं माहेरघर. वडील मुशीत पोलाद वितळवणारे कामगार, घरात गरिबी. बाराव्या वर्षी हॅरीची शाळा सुटली आणि तो थॉमस फर्थ अँड सन्स या कारखान्याच्या प्रयोगशाळेत बाटल्या धुवायला लागला. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल लिहितो. हा पोरगा दिवसभर बाटल्या धुऊन संध्याकाळी रसायनशास्त्र शिकायचा, तेही वर्षानुवर्षं. पोलादाच्या पृथक्करणात तो इतका तयार झाला की १९०८ साली फर्थ आणि जॉन ब्राउन या दोन कंपन्यांनी मिळून संशोधन प्रयोगशाळा काढली तेव्हा ती त्याच्याच हाती दिली. ना डिग्री, ना कॅम्पस इंटरव्ह्यू!

१९१२ साली त्याच्याकडे काम आलं बंदुकीच्या नळ्यांचं. गोळीबाराच्या उष्णतेने नळ्या आतून झिजत होत्या. क्रोमियम वाढवून बघू, म्हणून त्याने वेगवेगळी मिश्रणं ओतली. १३ ऑगस्ट १९१३ ला ओतलेल्या पोलादात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. आता, ज्यांनी मेटॅलर्जीचं प्रॅक्टिकल केलंय त्यांना माहीत आहे, मायक्रोस्कोपखाली रचना दिसायला नमुन्यावर आधी ॲसिड लावून एचिंग करावं लागतं. हा नमुना एच होईना. व्हिनेगर झालं, लिंबाचा रस झाला, डाग पडेना. भंगाराच्या ढिगात एक तुकडा चकाकताना दिसला वगैरे जी कथा सांगतात, ती मला तरी रंगवलेली वाटते. खरी गंमत अशी की, काम होतं बंदुकीचं आणि या शेफील्डकराला आठवले जेवणाच्या टेबलावरचे चाकू. क्रोमियमचा ऑक्साइड पृष्ठभागावर अतिशय पातळ थर धरतो आणि खरचटलं तरी हवा लागून पुन्हा धरतो, म्हणून आतलं लोखंड वाचतं.

क्रोमियम घातलेलं लोखंड ॲसिडला दाद देत नाही, हे फ्रान्सच्या बेर्तिएने १८२१ मध्येच पाहिलं होतं. जर्मनीत क्रुपच्या माणसांनी १९१२ मध्ये पेटंट घेतलं, अमेरिकेत हेन्स होताच. त्यामुळे पहिला कोण, हा वाद कायमचा. मला ब्रिअर्ली मोठा वाटतो तो त्याने चाकूचा पिच्छा सोडला नाही म्हणून.

कारण चाकू कापेचनात! त्याने शेफील्डच्या कारागिरांकडे पोलाद दिलं आणि तक्रारी आल्या. घडायला कठीण, घासायला कठीण, आणि वर धारही टिकत नाही. गावात त्याची टर उडाली, न कापणाऱ्या चाकूंचा शोध लावणारा म्हणून. चूक पोलादाची नव्हती, पाणी देण्याच्या सवयीची होती. आपल्याकडे लोहार विळा लाल करून पाणी देतो, तसंच तिथलं काम पिढ्यान्‌पिढ्या ७५०-८०० अंशांवर नजरेच्या अंदाजाने चालायचं. या पोलादाला हजार अंशांच्या आसपास तापवावं लागतं, तेव्हा कुठे ते कडक होतं. शेवटी मोझली यांच्या कारखान्यातल्या अर्नेस्ट स्टुअर्ट यांनी ते जमवलं. ब्रिअर्ली त्याला रस्टलेस म्हणायचा. स्टेनलेस हे नाव स्टुअर्टचं.

आता मामा. नवेगाव बांधचा तो अवाढव्य तलाव अठराव्या शतकात कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं मानतात. मामांचं धानाचं शेत आहे आणि मासेमारीही. मागच्या पावसाळ्यात डोंग्यातून जाळं ओढताना नायलॉनची दोरी पाण्यातल्या बेशरमाच्या झुडपात अडकली, डोंगा कलायला लागला. मामांनी खिशातला घडीचा चाकू काढला तर पातं खाचेतच गंजून बसलेलं. उघडेचना. शेवटी जाळं सोडून द्यावं लागलं. जाळं गेलं, मामा परत आले. मामी त्यावर अजून बोलतात.

मला फर्मान आलं, इंजिनिअर होतेस ना, न गंजणारा चाकू आण. दुकानात एकाच मुठीचे दोन निघाले. एक सरळ धारेचा, एक दातेरी. दुकानदार म्हणाला, कोणताही घ्या, दोन्ही स्टेनलेस. पण ब्रिअर्लीची गोष्ट वाचल्यावर एवढं तरी कळतं की न गंजणं वेगळं आणि कापणं वेगळं.

सरळ धार दाबून कापते, काप स्वच्छ येतो. फळ सोलणं, मासा चिरणं, जाळं विणताना सूत कापणं ही तिची कामं. बोथट झाली तर घरच्या दगडावर घासा. दातेरी पात्यात सगळा जोर दातांच्या टोकांवर येतो, म्हणून ओल्या, चिवट, तंतूच्या वस्तूत ते पटकन शिरतं आणि ओढलं की करवतीसारखं चालतं. टोकं झिजली तरी मधल्या खाचांची धार शाबूत राहते. तोटा असा की सपाट दगडावर ती लावता येत नाही, गोल कानस घेऊन एकेक खाच घासावी लागते. शिवाय दाते जाळ्याच्या घरांत अडकतात. अर्धी सरळ, अर्धी दातेरी असाही प्रकार मिळतो, पण तीन इंची पात्यात वाटणी केली तर दोघांच्याही वाट्याला काय येणार?

मी दोन्ही चाकू नेले. मामांना लेक्चरची गरज नव्हती. धान कापायला दातेरी विळा आणि भाजी चिरायला विळी, हा फरक त्यांच्या हातात होताच. घरी कापायला विळी आहे, डोंग्यात लागतो तो फक्त दोरीसाठी, आणि लागतो तेव्हा एका ओढीत लागतो, म्हणून त्यांनी दातेरी ठेवला. मला पटलं. एवढंच सांगून आले की स्टेनलेससुद्धा ओलं मिटून ठेवायचं नाही. बिजागरीत गाळ आणि पाणी साचून राहिलं की तिथे हवा पोचत नाही, तो थर पुन्हा धरत नाही आणि गंज चढतो. पुसायचं, खोबरेल नको, मशीनच्या तेलाचा थेंब सोडायचा. सरळ धारेचा चाकू आता माझ्याकडे आहे. (रेक्टर सरांनी हे वाक्य वाचलं नाही तर बरं.)

ब्रिअर्लीचं पुढे फर्थ कंपनीशी बिनसलं. शोधाचे हक्क कोणाचे, यावरून. १९१५ मध्ये तो ब्राउन बेलीज या दुसऱ्या कारखान्यात गेला. अमेरिकेतलं पेटंट त्याला १९१६ मध्ये मिळालं. महायुद्धात चाकू मागे पडले, हे पोलाद विमानांच्या इंजिनांच्या व्हॉल्व्हकडे वळलं. १९२० मध्ये त्याला बेसेमर सुवर्णपदक मिळालं, १९४१ मध्ये त्याने आत्मचरित्र लिहिलं. आपल्या मेसच्या ताटांचं १८-८ हे मिश्रण मात्र त्याचं नाही. ते त्याच्यानंतर फर्थच्या प्रयोगशाळेत आलेल्या हॅटफील्डने १९२४ मध्ये काढलं. ते पाणी देऊन कडक होत नाही, म्हणून त्याची ताटं होतात, चाकू नाही. १४ जुलै १९४८ ला टॉर्की इथे ब्रिअर्ली गेला. शोधाला शंभर वर्षं झाली तेव्हा, २०१३ साली, शेफील्डमधल्या हॉवर्ड स्ट्रीटवर एका इमारतीच्या भिंतीवर त्याचं भलंमोठं चित्र रंगवण्यात आलं.